पाच वाजताची सही

गुलाब लोणारेचं अक्षर पाहून शाळेतले मास्तरही वचकत. एकोडीत पल्स पोलिओची तारीख भिंतीवर लिहायची असो, बुद्धजयंतीचा फलक असो की कुणाच्या लग्नपत्रिकेवरची नावं, माणसं गुलाबच्याच दारात येत. बारावी झाली, पुढे काही जमलं नाही, वाट्याला दीड एकर धानाची बांधी आली. ती बांधी वच्छला, त्याची बायको, सांभाळायची. गुलाबच्या अंगाला खाकी लागली होती. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्याच साली तो होमगार्डात गेला आणि कायमचा तिथला झाला.

होमगार्ड म्हणजे काय, हे ज्याच्या घरात होमगार्ड नाही त्याला सांगावं लागतं. गणपती बसले, बोलवा. दुर्गा बसली, बोलवा. निवडणूक लागली, बारावीचा पेपर आला, मंत्री आला, पूर आला, बोलवा. गरज भागली की घरी पाठवा. बोलावलं त्या दिवसाचं मानधन, तेही सरकारला आठवेल तेव्हा. रजा नाही, दवाखाना नाही, म्हातारपणाची सोय नाही. शेजारी काठी धरून उभ्या असलेल्या पोलीस शिपायाला हे सगळं आहे, आणि दोघांच्या डोक्यावरचं ऊन एकच आहे. फरक खांद्यावरच्या पट्टीचा. तो दहा पावलांवरून दिसत नाही, आणि दगड मारणाऱ्याला तर मुळीच दिसत नाही.

गुलाबला हे फार खुपायचं. दरवर्षी सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन आटोपलं की तो घरी येऊन खाकीतच अर्ज लिहायला बसे. विषय ठरलेला : समान कामासाठी समान वेतन व समान सवलती मिळणेबाबत. समास आखून, एकही खाडाखोड न करता, दोन पानं. एका साली मुंबईहून उत्तर आलं. ‘आपला अर्ज प्राप्त झाला असून पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आला आहे.’ गुलाबने त्याला काच लावून घेतली आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगलं.

वच्छला म्हणाली, “अहो, अर्ज पोचला येवढंच लिवलं हाय त्याच्यात. तुमी तं निकाल लागल्यावानी टांगून ठेवलं.”

“निकालही लागन,” गुलाब म्हणाला. “आपलं काम खरं हाय. कागद बरोबर टेबलावर गेला पायजे, बस.”

कागदावर इतका भरवसा ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सानगडीच्या पथकात तीसेक होमगार्ड होते आणि गुलाब त्यांचा पलटण नायक. हजेरीचं रजिस्टर त्याच्याकडे असे. सकाळी आल्याची सही, संध्याकाळी सुटल्याची सही, असा नियम. पण संध्याकाळची सही चौकीतल्या जमादारासमोर व्हायची, आणि जमादाराला सवड मिळता मिळता आठ वाजत. पोलीस आपल्या गाडीतून निघून जात. होमगार्डांना गाडी नाही. सानगडीहून शेवटची एसटी सहाची, ती डोळ्यांदेखत निघून जाई. एका होळीला शकुनबाई नावाची होमगार्ड त्या सहीसाठी थांबली, बस चुकली, आणि बाई रात्रीची जंगलाच्या कडेकडेने गावापर्यंत चालत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुजलेले पाय बुटात कोंबून पुन्हा हजर होती.

त्या दिवशी गुलाबने ठरवलं की दोन्ही सह्या सकाळीच घ्यायच्या. सुटल्याच्या वेळेपुढे तो स्वतःच सुंदर अक्षरात ‘सायं. ५.००’ लिहून टाकायचा. कुणी साडेचारला गेला, कुणी साडेसहाला, मानधन दिवसाचं असल्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. जमादाराची कटकट वाचली, तोही आनंदाने खाली सही ठोकू लागला. बायांना बस मिळू लागली. शकुनबाई तर जो भेटेल त्याला सांगायची, “लोणारे भाऊनं आमाले मानूस समजलं.” आयुष्यात आपण एक तरी चांगली गोष्ट केली, असं गुलाबला वाटायचं ते या सहीचं.

तालुक्याचे समादेशक मधुकरराव यांनाही हे ठाऊक होतं. मधुकररावांचं साकोलीत लुगड्या-पातळांचं पिढीजात दुकान, मागच्या पडवीत दोन हातमाग अजून खटखटत असत. समादेशकाचं पद बिनपगारी, पण सलाम मिळायचा, आणि सलामाची त्यांना गोडी होती. ते गल्ल्यावर बसून रजिस्टर चाळत आणि म्हणत, “गुलाब, तुझं रजिस्टर म्हणजे छापल्यासारखं. एकही वेळ पुढेमागे नाही!” आणि दोघंही हसत.

गुलाबला एकच मुलगी, हर्षा. विसाव्या वर्षी तीही होमगार्डात आली, पण बापासारखं अर्ज लिहिण्यासाठी नाही. तीन वर्षं होमगार्डात काढली की दाखला मिळतो आणि पोलीस भरतीत राखीव जागा असतात, हे तिने पक्कं हेरलं होतं. रोज पहाटे ती एकोडीच्या रस्त्याने धावायची आणि गुलाब मागून सायकलवर वेळ मोजत यायचा. आख्ख्या तालुक्यात तिच्याइतकं धावणारी पोरगी नव्हती. “बाबा, तुमी मांगत बसा बराबरी,” ती हसून म्हणायची, “मी तिकडंच जाऊन उभी रायतो.” बापाला हे लागायचं आणि आवडायचंही. तिची तीन वर्षं नोव्हेंबरात भरत होती. दाखल्याचा अर्ज गुलाबने आधीच लिहून ठेवला होता, फक्त तारखेची जागा मोकळी होती.

ऑक्टोबरात दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुर्गेचं विसर्जन निघालं. सानगडीच्या तलावावर बंदोबस्त होता. गुलाबने सकाळी नेहमीप्रमाणे तीस जणांच्या दोन-दोन सह्या घेतल्या. हर्षाने दोन्ही सह्या केल्या, लफ्फेदार, बापाच्या वळणाच्या. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, उतारावर तिची नेमणूक मोनिका नावाच्या पोलीस शिपाई मुलीबरोबर होती. मोनिका मुख्यालयातून आलेली, हर्षाहून दोन-तीन वर्षांनी मोठी. दिवसभर दोघी एका बाटलीतून पाणी पीत, बायांना मागे सारत उभ्या होत्या.

पाच वाजले. हर्षा बापाकडे आली. “बाबा, निघू का? सहाची एसटी सापडन.”

शेवटची देवी यायची होती, सगळ्यांत मोठी, आणि बायापोरांची दाटी वाढत होती. गुलाबने मोनिकाकडे पाहिलं. “थांब थोडं. मॅडम एकटी पडन,” तो म्हणाला. “उद्या तुले बी हेच काम करायचं हाय ना?”

हर्षा थांबली. पाच चाळीसला मोठ्या देवीचा ट्रॅक्टर उतारावर मागे येऊ लागला. ओल्या चिखलात चाकं फिरली, ट्रॉली तिरपी झाली आणि बायांच्या घोळक्याकडे घसरत आली. दोघी मुली आत घुसल्या. त्यांनी बायांना ढकलून बाजूला काढलं, एकेकीला केसांना धरून काढलं. बाया वाचल्या. ट्रॉलीचं चाक दोघींच्या पायावरून गेलं, आधी मोनिकाच्या, मग हर्षाच्या. मोनिकाचं नडगीचं हाड मोडलं. हर्षाचा डावा पाय गुडघ्यापासून खाली चिरडला. त्या पायातला बूट तलावात गेला, आणि बाप उतारावरून धावत येईपर्यंत पाणी लाल झालं होतं.

दोघींना एकाच अँब्युलन्समध्ये घालून भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नेलं. सकाळी डॉक्टरांनी दोघींनाही एकच सांगितलं : नागपूर, आणि लवकर. हर्षाच्या बाबतीत ते दोनदा म्हणाले. नऊच्या सुमाराला पोलिसांचा एक साहेब आला, मोनिकाच्या नावाचं सरकारी खर्चाने उपचाराचं पत्र आलं, गाडी आली, आणि दहाच्या आत मोनिका नागपूरच्या वाटेला लागली. जाताना तिने स्ट्रेचरवरून हर्षाचा हात धरला. “ये मागून,” ती म्हणाली.

गुलाबने साहेबासमोर टाचा जुळवल्या. “सर, हर्षा लोणारे, होमगार्ड. तिचंही पत्र...”

“तुमच्या समादेशकांकडून ड्युटीवर असल्याचा दाखला मागवलाय. आला की लगेच देतो.”

वच्छलाचा भाऊ संघपाल वरठीच्या कारखान्यात कामाला होता. तो रात्रीच आला होता आणि मित्राची व्हॅन दारात लावून बसला होता. “भाऊजी, बसवा पोरीले,” तो म्हणाला. “दीड घंट्यात पोचवतो.”

“अर्ध्या तासात पत्र येते,” गुलाब म्हणाला. “पत्रानं गेली तं मोनिका मॅडमच्या बाजूचा पलंग भेटन. तसंच नेलं तं खासगी मानूस म्हनून लिवतीन. मंग मांगून काईच करता येत नाही, संघपाल. एकदा कागदावर चढलं का चढलं.”

वच्छलाने पोरीच्या पायावरचं फडकं उचलून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, “रंग बदलून रायला तिचा. मले पत्र नाही पायजे. उठा.”

“आपली बी वर्दीच हाय,” गुलाब म्हणाला.

बारा वर्षं ज्यासाठी अर्ज केले ती गोष्ट आता अर्ध्या तासावर आली, असं त्याला खरोखर वाटत होतं. पोरीला बिनपत्राची नेणं म्हणजे आपण त्यांच्यातले नाही हे स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. ते त्याच्याने होईना. अकरा वाजले, बारा वाजले. मधुकरराव फोनवर “बघतो, बघतो” म्हणत राहिले. व्हॅन दारात उभीच होती. हर्षा तापाने बरळत सहाच्या एसटीचं काहीतरी बोलत होती.

तीन वाजता मधुकररावांचा फोन आला. आवाज पडलेला होता. “गुलाब, वरून रजिस्टर मागवलं होतं रे. त्यात तिची सुटी पाच वाजता झालेली आहे. अपघात पाच चाळीसचा. ते म्हणतात, ती बंदोबस्तावर नव्हती, विसर्जन बघायला थांबली होती.”

गुलाब म्हणाला, “साहेब, तुमाले तं मालूम हाय.”

“मला मालूम आहे. पण अक्षर तुझं आहे.”

संघपालने भाचीला उचलून व्हॅनमध्ये घातलं. नागपूरच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि हर्षाच्या बापाला बाजूला बोलावलं. सकाळी आणली असती तर प्रयत्न केला असता, म्हणाले. आता पाय ठेवला तर पोरगी राहत नाही. संमतीच्या कागदावर सही हवी होती. गुलाबने सही केली, पण त्या दिवशी त्याचं अक्षर त्यालाच ओळखू आलं नाही. गुडघ्याच्या वरून पाय काढला.

हर्षा शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी बापाला म्हणाली, “बाबा, गाडी दारात होती ना?” गुलाबने मान हलवली. त्यानंतर तिने त्याला काही विचारलं नाही, आणि एवढी मोठी शिक्षा त्याला पुढे दुसऱ्या कुणीही दिली नाही.

महिनाभराने चौकशी लागली. आदल्या दिवशी मधुकररावांनी गुलाबला दुकानात बोलावून, बसायला देऊन समजावलं. “तू गप्प राहा. खोटी नोंद कबूल केलीस तर पथकातून तू जाशील, पोरगीही जाईल, वर माझं तोंड काळं होईल. मी दुर्गा मंडळाकडून तिला चार पैसे मिळवून देतो.”

गुलाबने घरी येऊन सगळं सांगितलं. वच्छला चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, “तुमी एकदा तिले थांबवून ठेवलं. एकदा गाडी थांबवून ठेवली. आता तोंड तं नोको थांबवू.” आणि तिने पुन्हा जाळ सारला.

तो खरं बोलला. चौकशीच्या साहेबासमोर उभं राहून, शकुनबाईच्या सुजलेल्या पायांपासून सगळं सांगितलं. साहेब शांतपणे ऐकत होता.

“म्हणजे इतकी वर्षं रजिस्टरात खोटी वेळ लिहिलीत?”

“हो सर. पण पोरगी ड्युटीवरच होती. मीच थांबवलं तिले.”

“पुरावा?”

“मोनिका मॅडमले विचारा.”

साहेबाने फाइलीतला मोनिकाचा जबाब काढून वाचला. ‘गर्दीतील महिलांना वाचविताना मी जखमी झाले. माझ्याशेजारील एक महिलाही जखमी झाली.’ त्याने कागद परत ठेवला. “एक महिला,” तो म्हणाला. “होमगार्ड असं कुठं लिहिलंय? आणि लोणारे, तुमची संस्था स्वयंसेवी आहे. सेवेची आवड म्हणून तुम्ही येता. नोकरी नाही ही. इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?”

बाहेर व्हरांड्यात मोनिका भेटली. कुबड्या होत्या, पण पाय होता. पगारी रजा संपवून ती टेबलाच्या कामावर रुजू झाली होती. तिला सत्काराचं पत्रही मिळालं होतं. तिने गुलाबच्या पायाला हात लावायला वाकायचा प्रयत्न केला. “काका, मी नाव सांगितलं होतं हो. लिहिणाऱ्यानं ‘एक महिला’ लिहिलं. मी पलंगावर होते, वाचून नाही पाहिलं, सही करून दिली.” ती रडू लागली. गुलाब तिच्यावर रागावूही शकला नाही, न वाचता सह्या करायची सवय त्यानेच तीस माणसांना लावली होती.

डिसेंबरात आदेश आला. खोट्या नोंदी केल्याबद्दल गुलाब लोणारे यांना आणि खोट्या नोंदीवर सही केल्याबद्दल हर्षा लोणारे यांना पथकातून कमी करण्यात येत आहे. इतकी वर्षं प्रत्येक पानाखाली सही ठोकणाऱ्या जमादाराला समज दिली, पगारी माणसाला समज पुरते. मधुकररावांना काहीच झालं नाही. मोकळ्या तारखेचा तो दाखल्याचा अर्ज वच्छलाने चुलीत घातला. काचेतलं पत्रही ती काढायला गेली तेव्हा हर्षा म्हणाली, “राहू दे. पोचल्याचं तं पत्र हाय.”

आदेशात शेवटी एक ओळ होती. दोघांनीही गणवेश व साहित्य सात दिवसांत भांडारात जमा करावे. गुलाब दोन पिशव्या घेऊन भंडाऱ्याला गेला. भांडारात एक वयस्क कारकून होता, माणूस वाईट नव्हता. यादी वाचत एकेक वस्तू बाजूला ठेवत होता. गुलाबचं सगळं बरोबर निघालं. मग त्याने हर्षाची पिशवी उघडली. टोपी, पट्टा, शर्ट. पॅन्टची डावी बाजू दवाखान्यात कात्रीने कंबरेपर्यंत चिरली होती. आणि खाली बूट निघाला, नीट पॉलिश केलेला.

“एकच?”

“एकच हाय.”

“यादीत जोड आहे.”

“डावा तलावात गेला साहेब, पाय चिरडला तवा.”

कारकुनाने चष्मा काढून पुसला. पुसून पुन्हा लावला, पण यादी तीच होती. “हरवलेल्या वस्तूचे पैसे भरावे लागतील काका. आणि भांडारात सुट्या बुटाची किंमत नाही, जोडाची आहे. पॅन्टचेही भरा.”

गुलाबने पैसे मोजून दिले. मग बुटावर हात ठेवला. “जोडाचे भरले ना मी? मंग हा मले न्यू द्या. उजवा हाय. पोरगी आता कुबडीवर चालून रायली, तिले उजवाच लागते. नवा घ्यायचा म्हटलं तं दुकानदार एक देत नाही.”

“पैसे हरवलेल्याचे,” कारकून हळू आवाजात म्हणाला. “हा कुठं हरवलाय? हा तर सरकारी आहे.” त्याने गुलाबच्या हाताखालून बूट ओढून घेतला आणि मागच्या फळीवर ठेवला. तिथे दुसरे पन्नास जोड रांगेने होते.

मग त्याने जमा-रजिस्टर पुढे सरकवलं. “माझा हात थरथरतो. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणे, तुम्हीच लिहा. खाली सही करा.”

गुलाबने समास सोडून लिहिलं : टोपी, एक. पट्टा, एक. शर्ट, एक. बूट, उजवा, एक. वेळेच्या रकान्यापाशी त्याचा हात थांबला. त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग कारकुनाच्या मनगटावरचं पाहिलं. दोन्हींत चार मिनिटांचा फरक होता.

“कोनतं बरोबर हाय?” त्याने विचारलं.

“टाका हो कोणतीही,” कारकून म्हणाला. “वेळ कोण पाहतं?”

गुलाबला पुढे लिहिता आलं नाही.